रुमालाखालचा हात

"...मग काय करू, सर? यंत्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू?"

पुरीबाबांनी मान वर केली नाही. ओसरीवर बसून ते चिंचेतले चिंचोके काढत होते.

केतकी बिरनाळे गप्प राहणाऱ्यातली नव्हती. टेकडी चढून आल्यापासून ती एकटीच बोलत होती. एकेकाळी हे गोसावीबाबा जिल्हा कोर्टातले नावाजलेले वकील होते आणि केतकी त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. मग एक दिवस त्यांनी काळा कोट खुंटीला टांगला, भगवी वस्त्रं घेतली आणि या मठात येऊन बसले. सारी पेठ त्यांना बाबा म्हणे. एकटी केतकी अजून सर म्हणत होती.

खाली दिसत होती ती हळदीची पेठ.

त्या पेठेत पूर्वी घंटा वाजली की सौदा सुरू व्हायचा. हळदीच्या ढिगाभोवती खरेदीदार उभे राहायचे, एक बोली बोलला की दुसरा वर चढवायचा, आणि ज्याची हळद त्याला ते कानांनी ऐकू यायचं. मग सात बड्या खरेदीदारांनी 'बाजारमती' नावाचं मशीन घेतलं. कृत्रिम बुद्धीचं मशीन. भाव तेच सांगायचं. तेव्हापासून बोली थांबली. कुठल्याही दारात जा, भाव एकच, रुपयाचाही फरक नाही, आणि तो पडलेला. का, म्हणून विचारलं तर उत्तरही एकच. मशीन सांगतं.

पूर्वी दरोडेखोर निदान तोंडाला फडकं बांधत. आता तेवढेही कष्ट उरले नाहीत. मशीनकडे बोट दाखवलं की झालं.

हळद विकणाऱ्यांच्या संघाने केतकीला वकील केलं आणि तिने स्पर्धा आयोगाचं दार ठोठावलं. व्यापाऱ्यांनी आपसात संगनमत करून बाजाराचा गळा आवळू नये, हे बघणं आयोगाचं काम. पण संगनमत सिद्ध करावं लागतं. कोण कोणाला भेटलं, कुठे भेटलं, काय ठरलं... केतकीने हॉटेलं पालथी घातली, फोन तपासायला लावले, लग्नांच्या पंगतींत कोण कोणाशेजारी बसलं तेही काढलं. हाती धुपाटणं आलं. सातांपैकी शेडबाळे आणि लोया यांच्यात तर एका भिंतीवरून दोन पिढ्यांचं वैर होतं.

समोरचा वकील भर सुनावणीत हसला होता. माझे अशील एकमेकांच्या दारात पाणी पीत नाहीत, तो म्हणाला, ते कट कुठे करणार?

आता फक्त शेवटचा युक्तिवाद उरला होता. तो हरला की सौद्याच्या आवाराला कुलूप लागणार होतं. बाजार समितीने ती जागा लग्नाचा हॉल म्हणून भाड्याने द्यायचं ठरवूनही टाकलं होतं.

"मी केस मागे घेते," केतकी म्हणाली. "हरण्यापेक्षा ते बरं. नाव तरी राहील."

"कोणाचं?"

"माझं."

"हं..."

बाबांनी एक चिंचोका बाजूला टाकला.

"हा भोपळा कोणी आणला?"

केतकीनेच आणला होता. संघातल्या बायकांनी मठासाठी दिलेला, चांगला पोसलेला लाल भोपळा तिच्या पायाशी पडला होता.

"मीच."

"विकायचा?"

"सर, मी इथे केसचं..."

"विकायचा की नाही?"

"विकायचा," ती चिडून म्हणाली. गुरूपुढे चिडायची तिची जुनी सवय होती.

बाबांनी मळ्यातल्या सत्याप्पाला हाक मारली आणि चुलीपाशी बसलेल्या धोंडीरामला. एक मठाचा माळी, दुसरा आचारी. धोंडीरामच्या कोंबडीने कधीतरी सत्याप्पाची कोथिंबीर उकरली होती, तेव्हापासून दोघांचा अबोला होता. काम अडलं की ते गाईशी बोलत. धोंडीराम गाईला सांगे, वांगी लागतील. सत्याप्पा गाईला सांगे, तोडून ठेवलीत. गाय रवंथ करी आणि मठ चाले.

दोघे आले आणि ओसरीच्या दोन टोकांना उभे राहिले.

बाबांनी खांद्यावरचा भगवा रुमाल काढला. तो उजव्या हातावर पसरला.

केतकीने हे कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. जुन्या काळी पेठेत भाव बोलला जात नसे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. त्याला हत्ता म्हणत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना बघे. पुढे कायद्याने ती चाल बंद झाली आणि घंटेवरचा उघडा सौदा आला. बाबा अडत्याच्याच घरात जन्मलेले, आणि सत्याप्पा-धोंडीरामसारख्या पेठेतल्या म्हाताऱ्यांच्या बोटांना ती भाषा अजून येत होती.

सत्याप्पा पुढे आला. त्याने रुमालाखाली हात घातला.

रुमाल जरासा हलला...

तो मागे झाला. मग धोंडीराम आला. रुमाल पुन्हा हलला...

"सत्याप्पा, या भोपळ्याचे किती देशील?"

"बारा रुपये."

"धोंडीराम, तू?"

"बारा."

केतकी ताडकन उठली. पेठेत असला भोपळा चाळीसला हातोहात जातो, ती म्हणाली.

"मग जा की पेठेत," बाबा म्हणाले. "इथे दोनच गिऱ्हाइकं आहेत."

भोपळा मठाला फुकटच द्यायला आणलेला होता. तरीही केतकीला ते लागलं. आपली वस्तू, आपण समोर उभ्या, आणि आपल्यालाच कळू न देता तिचं मोल ठरलं. वर्षभर संघातल्या बायका तिच्या ऑफिसात येऊन हेच सांगत होत्या. तिने ते अर्जातला मुद्दा क्रमांक अमुक म्हणून ऐकलं होतं.

"तुम्ही सांगितलंत त्यांना," ती म्हणाली.

"माझे ओठ हलले?"

"...नाही."

"मग ते दोघं एकमेकांशी बोलले?"

"ते कशाला बोलतील? ते गाईशी बोलतात."

"मग भाव एक कसा झाला, वकीलबाई?"

तिने रुमालाकडे बोट केलं.

बाबा धोंडीरामकडे वळले.

"सत्याप्पाने रुमालात हात घातलेला तू पाहिलास?"

"पाहिला की."

"तरी आपला घातलास?"

"त्यानं घातला म्हणून तर घातला, बाबा. नाहीतर तो किती देतोय, याचाच घोर. मला चढवावं लागलं असतं. आता त्याचं तेच माझं. घोर मिटला."

एवढं बोलून, आपण सत्याप्पाच्या बाजूने बोललो की काय, अशा शंकेने तो घाईने चुलीकडे गेला.

केतकीला पेठेची वेस आठवली.

पेठेच्या वेशीवर एक भलामोठा फलक होता. रोज त्याच्या खालून गाडी काढत ती कटाचा पुरावा शोधायला जायची. फलकावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: सातही बडे खरेदीदार बाजारमतीबरोबर, तुम्ही कधी येताय?

ती बंद दारांमागे शोधत फिरली होती. चोरांनी वेशीवर तोरण बांधलं होतं.

"सर, हा रुमाल नेऊ?"

"मळलाय."

"मळलेलाच हवाय."

बाबा पुन्हा चिंचा फोडू लागले.

शेवटच्या सुनावणीला समोरच्या वकिलाने सकाळ खर्च करून सातांचं वैर सिद्ध केलं. भिंतीचा दावा वाचला, मोडलेली सोयरीक सांगितली, एकाने दुसऱ्याच्या गोदामाची वाट कशी अडवली तेही सांगितलं. मोठा तयारीचा माणूस. दिवसाला तो जेवढी फी घेत असे, तेवढ्यात एखाद्या गावाची हळद विकली जाते.

केतकी उठली.

"मान्य," ती म्हणाली.

तिच्या मागे बसलेले संघाचे लोक हबकले. समोरच्या वकिलाने चष्मा काढला.

"ते कधीच भेटले नाहीत. आता भेटावं लागतच नाही."

तिने रुमाल टेबलावर ठेवला आणि हत्ता म्हणजे काय ते सांगितलं. मग परवानगी घेऊन तिने मशीनच्या कंपनीच्या तज्ज्ञाला विचारलं, शेडबाळ्यांच्या गोदामात किती माल आहे आणि लोयांना किती हवा आहे, या दोन्ही गुप्त गोष्टी एकाच मशीनला कळतात का?

तज्ज्ञ तरुण होता, हुशार होता आणि आपल्या मशीनवर त्याचं प्रेम होतं. सातांचीही माहिती कळते, तो अभिमानाने म्हणाला, त्याशिवाय भाव इतका अचूक कसा निघेल?

"आणि इतर सहाजणही हेच मशीन वापरतात, हे प्रत्येकाला माहीत होतं?"

तज्ज्ञाला प्रश्नच बाळबोध वाटला.

"अर्थात. आमची जाहिरातच ती आहे."

समोरच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

केतकीने रुमाल उचलला, आपल्या हातावर पसरला आणि आयोगाच्या सदस्यांकडे पाहिलं. शेवटचं वाक्य तिने तयार केलेलं नव्हतं.

"हात सात आहेत. रुमाल एक आहे. आणि आत बसलेला हात सगळ्यांना ओळखतो."

ती खाली बसली.

आदेश आला तेव्हा संघाच्या म्हाताऱ्या अध्यक्षाने तो मोठ्याने वाचून दाखवला. मशीनला कोणी दोष दिला नव्हता. मशीनच्या आड जे उभे होते त्यांना दिला होता. सातांनाही दंड, कंपनीलाही दंड. प्रतिस्पर्ध्यांची गुपितं एका मशीनमध्ये ओतून त्यातून सगळ्यांनी एक भाव उचलायचा नाही. आणि केतकीने तीनदा वाचलेली ती ओळ: मशीनने सांगितलं हे उत्तर होऊ शकत नाही, ज्याने तो भाव दिला, त्यानेच तो ठरवला असं मानलं जाईल.

लग्नाचा हॉल बारगळला. सौद्याची घंटा वाजली. पहिल्या ढिगावर शेडबाळ्यांनी बोली बोलली आणि लोयांनी ती वर चढवली, इतक्या खुन्नसने चढवली की बायका पदराआड हसल्या. दोन पिढ्यांचं ते वैर पेठेला त्या दिवशी देवासारखं पावलं. बोली चढत गेली. हलगी कडाडली. हळदीच्या पेठेत गुलाल कोण उधळणार? ओंजळी भरभरून भंडारा उडाला. केतकीला खांद्यावर घेतलं, आवाराला फेरी मारली, आणि ती खाली उतरली तेव्हा तिचा काळा कोट पिवळा झाला होता.

तशीच ती टेकडी चढली.

धोंडीरामने गाईला सांगितलं, वकीलबाई जिंकल्या. सत्याप्पाने गाईला विचारलं, दंड खरेदीदारांना बसला ना, मशीनवाल्याला पण? गाईने दोघांकडे पाहिलं नाही.

बाबा ओसरीवर ऊन खात बसले होते.

"सर, जिंकलो."

तिने रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढे धरला.

बाबांनी हात पुढे केला नाही.

"आता पुढे काय?"

तेच सांगायला तर ती धावत आली होती. संघाने ठरवलं होतं, आता आपलं स्वतःचं मशीन आणायचं. गावोगावची सगळी हळद त्यात. कोणाकडे किती माल, कोणाला किती घाई, सगळं एका जागी. भाव आपलं मशीन सांगणार आणि त्याच्या खाली कोणी विकायचं नाही. मशीनवर देखरेख ठेवायला एक समिती, आणि समितीच्या अध्यक्ष...

"मी," केतकी म्हणाली. "आता रडू देत सातही जणांना."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला. भंडाऱ्याने तो पिवळा पडला होता. तो त्यांनी सावकाश उजव्या हातावर पसरला.

"ये... हात घाल."

केतकीने रुमालाकडे पाहिलं.

खालून पेठेतली हलगी अजून ऐकू येत होती...

तिचा हात पुढे झाला, आणि अर्ध्यावर थांबला. तिला तो भोपळा आठवला. आपल्याला कळू न देता ठरलेलं त्याचं मोल आठवलं. आता तिच्या जागी कोणीतरी दुसरंच उभं असणार होतं, रुमाल हलताना बघत. हळद विकत घेऊन दळणारी बाई असेल, किराणा दुकानदार असेल...

तिने रुमालाचं टोक धरलं आणि एका झटक्यात तो ओढून काढला.

बाबांचा तळहात उघडा पडला. सुरकुतलेला, रिकामा, उन्हातला.

केतकीने रुमाल झटकला. पिवळी धूळ उडाली, ओसरीवर पसरली, बाबांच्या दाढीवर बसली. मग ती हसू लागली, सौद्यात खांद्यावर असतानाही हसली नव्हती इतकी.

"घंटेवरच होऊ दे सौदा," ती म्हणाली. "आमचाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

बाबांनी तो उघडा हात तसाच पुढे केला.

"आता दे पेढा."