खिंडीतल्या लढाईचा आकडा

धारराव राजांची विजयशिळा तीनदा कोरून झाली आणि तीनदा घासूनही झाली! कारण एकच. खिंडीतल्या लढाईत शत्रूची माणसं पडली किती?

सेनापती हैबतराव म्हणाले, "सात हजार!" रखमाजी पाथरवटाने सात हजार कोरले. बखर लिहिणारे आबाजीपंत धावत आले. "छे छे, दहा हजार! बखरीत तसंच आहे!" घासा, पुन्हा कोरा! मग राजांचा भाट आला, म्हणे एक लाख! आणि तहासाठी आलेला शत्रूचा वकील मिशीत हसून म्हणाला, "आमचे तर पन्नासही गेले नाहीत."

रखमाजी वैतागला. "अहो, शून्यं वाढवायची तर शिळेला जागा तरी हवी ना!"

हे राजांच्या कानी गेलं. राजे रखमाजीवर कडाडले, "उद्या दुपारपर्यंत आकडा ठरव! दरबारातल्या एकानेही हरकत घेतली, तर दगडाची खाण सोडून राज्याबाहेर चालता हो!"

रखमाजीने हातपाय गाळले. बापाचा उतरलेला चेहरा त्याची लेक ठकू हिला बघवेना. "बा, तू घरी थांब," ती म्हणाली. "उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी ठकू दरबारात आली ती डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भलामोठा धोंडा घेऊन! धप्पकन तो तिने खाली टाकला.

"आकडा कुठाय?" राजांनी विचारलं.

"कोरते, महाराज. पण टेकडीवर शिळा उभारायची तर चौथरा नको? पडलेल्या माणसामागे एक धोंडा. ज्याने मारला त्यानेच तो खाणीतून टेकडीवर न्यायचा, आपल्या डोक्यावरून! वीराच्या धोंड्याला नोकराचा हात लागला, तर मान कसला?"

"वा!" राजे खूश झाले. "हैबतराव, तुमच्या तलवारीने किती?"

कालपर्यंत पाचशे सांगणाऱ्या हैबतरावांनी धोंड्याकडे पाहिलं, मग खिडकीतून टेकडीकडे. "धूळ फार होती, महाराज. चार असतील."

ठकूने चुंबळ पुढे केली.

"तीन! तीनच! चौथा उठून पळाला!"

बाकीचे सरदार, शिपाई सगळे असेच घसरले. आबाजीपंतांची पाळी आली तसे ते ओरडले, "अगं, मी लढाईला नव्हतोच! सगळं ऐकीव!" भाट तर खांबाआड दडला. एकूण बेरीज झाली एकसष्ट.

ठकू वकिलाकडे वळली. "वकीलसाहेब, आमचा आकडा जास्त वाटतो ना? मग पन्नासावरचे धोंडे तुम्ही टेकडीवरून उतरवा आणि परत खाणीत नेऊन टाका."

वकील खाकरला. "एकसष्ट... बरोबर आहेत."

"कोणाची हरकत?" राजांनी गरजून विचारलं. सगळ्यांनी घाईघाईने नकारार्थी माना हलवल्या.

"महाराज," ठकू हळूच म्हणाली, "आपले राहिले. भाट म्हणतो, आपण एकट्याने शंभर लोळवले!"

राजांनी धोंड्याकडे पाहिलं, मग डोक्यावरचा मंदील चाचपला.

"पोरी, माझा घोडा बुजला आणि मी ओढ्यात पडलो. लढाई संपल्यावर मला वर काढलं!"

"मग एकसष्टच कोरते!"

राजे इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अख्खी खाण ठकूला इनाम दिली. मग डोळे पुसत आबाजीपंतांना फर्मावलं, "यापुढे बखरीचं प्रत्येक पान आधी ठकूला दाखवायचं! खाणीवर जाऊन! आणि पंत, जाताना चुंबळ घेऊन जा!"