वस्तादांनी दार आत ढकललं

एकदा एका मोटारीच्या मागच्या दाराने चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या नाकी नऊ आणले. दार ते काय, तीन हातही रुंद नसलेला पत्रा आणि वर काच. पण अडून बसलं की दार कोणाचं ऐकत नाही, आणि अशा वेळी माणसं जे करतात तेच त्या दिवशी सगळ्यांनी केलं. सगळ्यांनी जोर लावला.

तालुक्याच्या गावाबाहेर, कालव्याला लागून एका वृद्ध कारागिराचं गॅरेज होतं. त्यांना सारा तालुका वस्ताद म्हणे. त्यांचा शिष्य रंगनाथ तिशीचा होता. शहरातल्या कारखान्यात सहा वर्षं काढून तो मुद्दाम वस्तादांकडे शिकायला आला होता. हात सफाईदार, बुद्धी तल्लख. खोट एकच. चूक कबूल करायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मार्च महिन्यातली सकाळ होती. नऊ वाजले होते आणि ऊन तापायला लागलं होतं. तेवढ्यात एक जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन हॉर्न वाजवत, धूळ उडवत गॅरेजात शिरली. चालवत होत्या यमुनाताई. या बाईंचा व्यवसाय मधमाश्या पाळण्याचा. कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलले, की शेतकरी त्यांच्याकडून पेट्या मागवत आणि शेतात ठेवत. माश्या गोंड्या-गोंड्यांवर फिरल्याशिवाय बी भरत नाही.

"वस्ताद, डिकी उघडेना!" ताई उतरता उतरताच ओरडल्या. "बारा पेट्या आहेत आत! पहाटेच शेतावर पोचले. तिथं चार गडी तासभर ओढत होते, पण दार हललं नाही. माझं जित्राब उकडून मरेल हो!"

गुराढोरांचा जित्राब हा शब्द माश्यांना लावलेला ऐकून एखाद्याला हसू येईल, पण ताईंचा चेहरा पाहून तिथे कोणी हसलं नाही. गाडीच्या मधल्या भागात पेट्यांसाठी लोखंडी चौकट जोडलेली होती. त्यामुळे बाजूच्या दारांतून पेटी निघणं अशक्य. जे काही निघायचं ते मागूनच. खिडक्या उघड्या होत्या, पण वारा मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता. आतून माश्यांचा आवाज येत होता, चढा आणि घाबरा.

"हा आवाज आहे तोवर आशा आहे," ताई म्हणाल्या. "आतलं मेण मऊ होऊन पोळी खाली बसली, की आवाज बसतो. आवाज बसला की संपलं."

रंगनाथ धावला. त्याने दाराची मूठ धरून हिसका दिला. मग पाय बंपरला लावून ओढलं. मग कटावणी आणली. पत्रा वाकला, रंग उडाला, पण दार जागचं हललं नाही. घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता, तरी तो थांबेना. कारण एक गोष्ट त्या अंगणात फक्त त्यालाच ठाऊक होती.

बारा दिवसांपूर्वी हीच गाडी आली होती. डिकी खडखडते, एवढीच तक्रार. वस्ताद त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. दाराची कडी जिथे अडकते तो कोयंडा मागेपुढे सरकवता येतो. वस्तादांचा नेहमीचा दंडक असा, की कोयंडा आवळताना नखभर ढील ठेवायची. रंगनाथला तो म्हातारपणाचा हेका वाटे. त्याने कोयंडा पार शेवटपर्यंत आत सरकवून पक्का आवळला होता. खडखड बंद झाली. ताई खूश होऊन गेल्या आणि रंगनाथ स्वतःवर त्याहून खूश झाला होता.

"काच फोडू का?" तो आता ओरडला.

"नको रे बाबा!" ताई मध्ये आल्या. "काचा पडून पेट्यांवरच्या जाळ्या फाटतील. चवताळलेल्या माश्या रस्त्यावर सुटतील, आणि पेटी काही त्या भोकातून निघायची नाही."

इतका वेळ वस्तादांनी दाराला बोटही लावलं नव्हतं. ते गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, खिडकीतून डोकं आत घालून त्यांनी शांतपणे पाहिलं, आणि विचारलं, "ताई, पहाटे शेतावर जाताना घाट चढलात?"

"हो, चढले की. पण आत्ता त्याचं काय?"

"गाडी सुरू करा. कालव्याच्या उतारावर घ्या. तोंड खाली, पाठ वर."

रंगनाथला राहवेना. "वस्ताद, उघडायचंय मागचं दार! तुम्ही गाडी पुढे कुठे पळवताय? इथे एकेक मिनिट..."

"म्हणूनच घाई कर. चल."

गाडी निघाली. वस्ताद सत्तरी ओलांडलेले, तरी लुंगी सावरत मागून पळत होते. त्यांच्या मागे रंगनाथ, त्याच्या मागे शेजारच्या पंक्चरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळी वरात. उतारावर गाडी आली तसे वस्ताद ओरडले, "आता ब्रेक! करकचून!"

ताईंनी ब्रेक दाबला. आत धड्‌धड् असा आवाज होऊन पेट्या पुढे सरकल्या. माश्यांनी एकच कल्लोळ केला. आणि मग तो कल्लोळ ओसरायला लागला. ताईंनी कान टवकारले आणि त्यांचा रंग उतरला.

"वस्ताद, आवाज बसतोय!"

वस्ताद तोवर गाडीमागे पोचले होते. त्यांनी दाराकडे पाठ केली, टाचा मातीत रोवल्या आणि दार पाठीने आत रेटलं. बाहेर नव्हे, आत! आधीच बंद असलेलं दार हा म्हातारा आणखी बंद करत होता. चहावाल्याने कपाळावर हात मारला.

"रंगा, मूठ उचल. दोन बोटांनी."

"दोन बोटांनी? कटावणीला दाद दिली नाही त्यानं..."

"दोन बोटांनी म्हटलं ना!"

रंगनाथने दोन बोटं घातली आणि मूठ उचलली. टक्. एवढाच आवाज झाला. वस्ताद बाजूला झाले आणि दार सुस्कारा सोडून वर गेलं.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका! कोणी पेट्या उचलतोय, कोणी कडुनिंबाच्या सावलीत ओळीने मांडतोय, कोणी कालव्यात बुडवलेली गोणपाटं वर टाकतोय. ताईंनी एकेका पेटीची जाळी काढली तसा माश्यांचा लोट बाहेर पडला, सावलीत घोंगावला आणि कालव्याच्या कडेला पाणी पिऊ लागला. अकरा पेट्या बोलल्या. बारावी, दाराला अगदी चिकटून असलेली, गप्प होती. ताईंनी गुडघे टेकून तिला कान लावला. 

"आहे!" ताई किंचाळल्या आणि रडू लागल्या. "आहे, आहे! बारीक आहे, पण आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने स्वखुशीने सगळ्यांना चहा दिला. असा योग त्याच्या आयुष्यात फारसा येत नसे.

चहा पिता पिता वस्ताद म्हणाले, "कडी तुटली नव्हती, गंजली नव्हती. घाट चढताना पेट्या मागे सरकल्या. पुढे वीतभर जागा रिकामी दिसत होती. बारा पेट्यांचा भार आतून दाराला रेटत होता, आणि तुम्ही बाहेरून ओढत होता. दोघांचाही जोर एकाच दिशेला. मग कडी कोयंड्यावर आणखीच आवळली जाणार. अडलेल्याला ओढू नये. आधी त्याच्यावरचा भार उतरवावा. मग ते आपण होऊन उघडतं."

ताईंनी डोळे पुसले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण वस्ताद, घाट तर मी दर वर्षी चढते. असं कधी झालं नव्हतं. बारा दिवसांपूर्वीच तर इथून दुरुस्त करून नेली होती."

रंगनाथने कप खाली ठेवला. वस्ताद उठले. दाराखाली वाकून त्यांनी कोयंडा पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत येऊन बसले.

"काम माझ्या गॅरेजातलं, ताई. म्हणजे चूक माझी. तुमचा जीव टांगणीला लागला, त्याबद्दल मला माफ करा." आणि त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हात जोडले.

रंगनाथने ते जोडलेले हात पाहिले. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसला असता तर विषय तिथेच मिटला असता.

"नाही ताई," तो एकदम म्हणाला. "वस्ताद तेव्हा नव्हते. कोयंडा मी आवळला. ढील ठेवायची असते हे मला माहीत होतं, तरी ठेवली नाही. आणि मघापासून हे मला ठाऊक होतं."

ताई म्हणाल्या, "भाऊ, पान्हा आण आणि आता ढील दे. पेट्या अजून शेतावर न्यायच्यात."

त्याने कोयंडा नखभर सैल केला. पेट्या पुन्हा चढल्या, या वेळी दोन्हीकडून गोणपाटाच्या गुंडाळ्या लावून. गाडी खडखडत निघून गेली, आणि ती खडखड रंगनाथला प्रथमच गोड लागली.

"वस्ताद," त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"कोयंड्यावर पान्ह्याची ताजी खूण होती."

"मग सगळ्यांसमोर मला विचारलं का नाहीत?"

वस्तादांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "ओढलं असतं, तर तू उघडला असतास?"

रंगनाथने दोघांचे कप उचलले आणि विसळायला घेतले.

आपल्याही घरात कोणी मिटून बसलं असेल, तर आज त्याला काही विचारू नका. त्याच्यावर आतून कशाचा भार आहे, तेवढं पाहा.