खांदे भरून आलेली संध्याकाळ

टीव्हीखालच्या खणातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट.

त्या खणात मारामारीच्या व्हिडिओ गेमचा एक म्हातारा कंट्रोलर राहत असे. त्याच्या बटणांवरची अक्षरं वैजूताईच्या अंगठ्याने कधीच पुसली होती. एके दिवशी तिच्या भावाने नवी कांडी आणली. ती हातात धरून हवेत ठोसे मारायचे, की पडद्यावरचा पहिलवानही तसेच मारी.

"ताई, आता खरीखुरी लढ. हा जुना रविवारी भंगारात देतो," भाऊ म्हणाला.

खणात शिरताच कांडी हसली. "काय आजोबा, अंगठ्याने कुणी लढतं का?"

"इतकी वर्षं तसाच लढलोय, बाई," म्हातारा दमून म्हणाला.

संध्याकाळी वैजूताई साड्यांच्या दुकानातून आली. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडून तिचे खांदे भरून आले होते. तरी भावाच्या हौसेखातर तिने कांडी धरली आणि दोन ठोसे मारले. तिसऱ्याला हात वरच जाईना. तिचा पहिलवान मुकाट मार खात आडवा झाला.

"अगं ताई, जोरात!"

"जोर दुकानातच राहिला रे."

कांडी ठेवून तिने म्हाताऱ्याला उचललं आणि भिंतीला टेकून पाय पसरले. अंगठा झिजलेल्या बटणावर आपसूक जाऊन बसला. पहिलवान उठला. ती हरलीच, पण शेवटपर्यंत लढून.

"याला भंगारात द्यायचं नाही हं," ती म्हणाली.

खणात परतल्यावर कांडीने हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही असं केलंत तरी काय?"

"काही नाही गं," म्हातारा म्हणाला. "तिला बसू दिलं."