नाकूताई घसरली, सुर्र... धप्प!

एक होतं नाक. लांबच लांब नाक.

नाकामागे होती एक चिचुंद्री. तिचं नाव नाकूताई.

डोळे तिचे तिळाएवढे. चाल तिची तुरुतुरु. आणि वास? वास केवढा! ती यायच्या आधी तिचा वास यायचा.

"नाक मोठं, डोळे छोटे, वास सगळ्यांत मोठा," नाकूताई स्वतःच म्हणायची. "देवाने मला घाईघाईत घडवलं असणार!"

नाकूताई राहायची कुमुदबाईंच्या घरामागे. घरामागे होता फळ्यांचा ओटा. कुमुदबाई त्याला ऐटीत 'डेक' म्हणायच्या. ओटा हिरवागार. ओटा गुळगुळीत. कावळा घसरे. कुत्रा घसरे. पाहुणे घसरत.

मग कुमुदबाईंनी काय केलं?

पाटी लावली. 'हळू चाला.'

अक्षर सुरेख. पण पाटी उंच. पाटी वाचायला मान वर केली, की पाय घसरे. सुर्र... धप्प!

एके सकाळी काय झालं? नाकूताईच्या बिळात पाणी शिरलं. पिल्लं भिजली. पिल्लं कुडकुडली.

ओट्याच्या पलीकडे होतं नवं बीळ. पाणी तापवायच्या बंबामागच्या भिंतीतलं. कोरडं कोरडं. उबदार.

"काठावर थांबा," नाकूताई म्हणाली. "आधी मी जाते. खोबरं ठेवून येते. मग तुम्हाला नेते."

"आई, पडशील!"

"मी? मी कधी पडत नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु... सुर्र... धप्प!

नाक इकडे, शेपूट तिकडे. तोंडातलं खोबरं सुटलं. घरंगळत गेलं. फळ्यांच्या फटीत पडलं. टुप्प!

"आई पडली! आई पडली!" पिल्लं हसली. चीं चीं चीं!

"मी पडले नाही. मी बसले," नाकूताई म्हणाली.

"नाकावर?"

"हो, नाकावर. मऊ असतं."

नाकूताईसुद्धा हसली. मग तिने पिल्लांना काठावरच थांबवलं.

कारण पिल्लं चालत कशी? आगगाडीसारखी. एकाच्या शेपटीला दुसरं, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरं. एक घसरलं, तर सगळी घसरणार. आणि ओट्याच्या कडेला होता हौद. खोल खोल हौद.

नाकूताई ओट्याला म्हणाली,

"ओटोबा, ओटोबा, घसरवू नका ना!
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

ओटा म्हणाला, "ई! केवढा वास! लांबून बोल, नाकूताई. मी काय करू? माझ्या पाठीवर शेवाळ. शेवाळ जाईल, तर मी घसरवणार नाही."

नाकूताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेवाळमावशी पसरली होती फळीवर. मऊ मऊ, हिरवी हिरवी.

"शेवाळमावशी, शेवाळमावशी, जा ना!
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

शेवाळमावशी म्हणाली, "ई! केवढा वास! लांबून बोल, नाकूताई. मी का जाऊ? इथे गारवा, इथे ओलावा. ऊन येईल, तर मी जाईन."

नाकूताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊनदादा बसला होता छपरावर.

"ऊनदादा, ऊनदादा, ये ना!
शेवाळ जाईना,
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

ऊनदादा म्हणाला, "ई! केवढा वास! लांबून बोल, नाकूताई. मी येऊ कसा? चिकूची फांदी आडवी. फांदी सरेल, तर मी येईन."

"एवढ्या उंचावर वास पोचला?" नाकूताई म्हणाली. "कमाल आहे माझी!"

नाकूताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फांदीताई लोंबत होती ओट्यावर.

"फांदीताई, फांदीताई, सर ना!
ऊन येईना,
शेवाळ जाईना,
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

फांदीताई म्हणाली, "ई! केवढा वास! लांबून बोल, नाकूताई. मी सरू कशी? मला काय पाय आहेत? एवढी वाढले, की मलाच माझं ओझं झालंय. कुमुदबाई उठतील, करवत आणतील, तर मी सरेन."

नाकूताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुमुदबाई होत्या मागच्या दारात, आरामखुर्चीत. मांडीवर झोपला होता दामोजी बोका. घुर्र, घुर्र.

"कुमुदबाई, कुमुदबाई, उठा ना!
फांदी सरेना,
ऊन येईना,
शेवाळ जाईना,
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

कुमुदबाईंनी नाकाला पदर लावला. "ई! केवढा वास! लांबून बोल, नाकूताई. आणि पाटी नाही का वाचलीस? एवढी सुरेख पाटी!"

"मला वाचता येत नाही, बाई."

"हं! हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मी उठू कशी? मांडीवर बोका झोपलाय. झोपलेल्या बोक्याला कसं हलवायचं? दामोजी उठेल, तर मी उठेन."

आता आली का पंचाईत! बोक्याला उठवायचं कोणी? तेही एका चिचुंद्रीने?

नाकूताई दोन पावलं मागे सरली. पण काठावर पिल्लं कुडकुडत होती. "आई, थंडी! आई, थंडी!"

नाकूताई पुढे गेली. अगदी हळू. तुरु... तुरु...

"दामोजी, दामोजी, मला खाणार का?"

बोक्याने एक डोळा उघडला. "तुला? ई! केवढा वास!"

"वा!" नाकूताई म्हणाली. "कधी नव्हे तो वास कामाला आला!"

मग ती धीराने म्हणाली,

"दामोजी, दामोजी, उठा ना!
बाई उठेनात,
फांदी सरेना,
ऊन येईना,
शेवाळ जाईना,
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!"

दामोजीने जांभई दिली. "मी उठत नाही. दूध आलं तरी नाही. उंदीर आला तरी नाही. नाकाला झोंबेल असं काही आलं, तरच मी उठेन."

आणि बोका झोपला. घुर्र, घुर्र.

नाकूताई खाली बसली. या वेळी खरोखरच बसली.

"आता कुणाला सांगू?
बोका उठेना,
बाई उठेनात,
फांदी सरेना,
ऊन येईना,
शेवाळ जाईना,
ओटा ऐकेना,
पिल्लं अडली काठाला,
खोबरं पडलं फटीत!
नाकाला झोंबेल असं मी आणू कुठून?"

काठावरून धाकटं पिल्लू ओरडलं, "आई! अगं आई! तूच की!"

"मी?"

नाकूताईने नाक वर केलं. नाकूताईने नाक खाली केलं. नाकूताईने स्वतःलाच हुंगलं.

"अगं बाई! मीच की! सगळ्यांना कळलं. नाक एवढं लांब, पण मलाच कळलं नाही!"

नाकूताई खुर्चीवर चढली. बोक्याच्या नाकाशी गेली. पाठ फिरवली. शेपूट उचललं. आणि...

फुस्स!

आ... आ... आक्छी!

बोका उठला! बोका उडाला! थेट ओट्यावर पडला. सुर्र... धप्प!

"मी पडलो नाही. मी बसलो," बोका म्हणाला.

"अरे माझा दामोजी!" बाई उठल्या. बाई धावल्या. सुर्र... धप्प!

"मी पडले नाही. मी बसले," बाई म्हणाल्या.

पण बाई बसल्या नव्हत्या. बाई उताण्या पडल्या होत्या. उताणं पडल्यावर काय दिसतं? आधी दिसली पाटी. 'हळू चाला.'

"अक्षर सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "उपयोग काही नाही."

मग दिसली फांदी.

"अरेच्चा! ही एवढी कधी वाढली?"

बाईंनी करवत आणली. खर्र, खर्र, खर्र! फांदी सरली.

फांदी सरली, ऊन आलं. ओट्यावर आलं, काठावर आलं, पिल्लांच्या पाठीवर आलं.

ऊन आलं, शेवाळ सुकलं. बाईंनी घेतला खराटा. खस्स, खस्स, खस्स! शेवाळ गेलं.

मग बाईंनी घेतली काडी. फटीफटीतून फिरवली. पाला निघाला, माती निघाली, आणि... टुप्प! खोबरं निघालं.

"हे कुणाचं?" बाईंनी खोबरं हुंगलं. "ई! बरं, बरं. कळलं कुणाचं ते." नाकूताईने नवं बीळ दाखवलं, आणि बाईंनी खोबरं ठेवलं थेट त्याच्या तोंडाशी.

मग बाईंनी आणली काथ्याची दोरी. जाड जाड, खरखरीत. ओट्यावर आडवी लावली. एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. ठक, ठक, ठक!

शेवटी पाटी काढली. पाटीला दोरी गुंडाळली. पाटी ओट्याच्या पायरीला ठोकली.

"आता वाचायला नको," बाई म्हणाल्या. "आता पायालाच कळेल."

नाकूताई ओट्याला म्हणाली, "ओटोबा, ओटोबा, घसरवणार नाही ना?"

"नाही घसरवणार," ओटा म्हणाला. "पण जरा हळू. दोरीने गुदगुल्या होतात!"

आगगाडी निघाली.

आईच्या शेपटीला थोरलं. थोरल्याच्या शेपटीला मधलं. मधल्याच्या शेपटीला धाकटं. धाकट्याच्या शेपटीला बाळ. बाळाच्या शेपटीला कोणीच नाही, म्हणून बाळ सारखं मागे बघे.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

हौद आला. खोल खोल हौद. बाळाने मागे बघितलं. बाळाचा पाय सटकला. सुर्र...

सगळी पिल्लं थांबली. आई थांबली. बाईंनी श्वास रोखला. बोक्यानेसुद्धा रोखला.

...खट्!

बाळाची नखं दोरीत रुतली. दोरीने बाळाला धरलं. धप्प झालंच नाही!

तुरुतुरु, तुरुतुरु. थोरलं पोचलं. मधलं पोचलं. धाकटं पोचलं. बाळ पोचलं. कोरड्या बिळात, उबदार बिळात.

"बघितलंत?" नाकूताई म्हणाली. तिने मान ताठ केली. तिने नाक उंच केलं. "मी कधी पडत न..."

ढब्ब!

नाक आपटलं भिंतीवर.

"आई धडकली! आई धडकली!" पिल्लं हसली. चीं चीं चीं!

"मी धडकले नाही," नाकूताई म्हणाली. "मी भिंतीचा वास घेतला."

"कसा आहे?"

नाकूताईने हुंगलं. पिल्लांनी हुंगलं. बाळाने सगळ्यांत मोठ्याने हुंगलं.

"आपल्यासारखा!" बाळ म्हणालं. "केवढा वास! केवढा छान!"

मग सगळ्यांनी मिळून खोबरं खाल्लं. कुटुम, कुटुम, कुटुम.

खोबरं संपलं बिळात, आणि गोष्ट पोचली पलीकडे.