विणकरांच्या गल्लीची कुलपं

साथ ओसरली त्या वर्षी चातुर्मासात आम्ही बायकांनी नेम धरले. कोणी कांदा सोडला, कोणी वांगं. मी देवापुढे हात जोडून म्हटलं, "यंदा मी संशय सोडते." सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "वांगं सोड गं, ते तरी निभेल." नेम अवघडच गेला, पण त्याच्यामागे एक गोष्ट होती. ती सांगते. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्त ऐकावी.

फार फार वर्षांमागे नदीकाठी विणकरांचं एक नगर होतं. तिथल्या लुगड्यांसाठी लांबलांबचे व्यापारी येत. एका वर्षी साथ आली. काही माणसं गेली, उरलेली रानोमाळ पळाली. साथ सरली तेव्हा बाजारात चिटपाखरू नव्हतं आणि विणकरांच्या गल्लीत ओळीनं कुलपं होती.

ती सगळी घरं एका शेटाणीची. तिचे शेट साथीत गेले होते. किल्ल्यांचा जुडगा ती सदा कमरेला खोचून असे, झोपेतही काढत नसे. विणकर परत येऊ लागले की ती ओसरीवरूनच विचारी, "तुमची ओळख देणारा कोण आहे?" ओळख देणारे तर साथीत गेलेले. जे उरले ते एकमेकांची ओळख द्यायला धजत नव्हते. कोणी खोकलं की रस्ता रिकामा होई. शेवटी विणकर नदीपल्याड झाडांखाली राहिले.

एक विणकरीण मात्र पुन्हा पुन्हा दारी आली. बरोबर म्हातारा सासरा आणि गाढवावर मोडून बांधलेला माग.

"एक खोली द्या, शेटाणीबाई. मामंजींना उघड्यावर सोसत नाही."

"तुझं बाकी सगळं घर गेलं म्हणतात. मग तू कशी वाचलीस?"

विणकरीण गप्प राहिली. गप्प बसते म्हणजे काहीतरी लपवते, असं शेटाणीला वाटलं. तिनं गल्लीच्या टोकाचं घर दिलं, पण भाडं दुप्पट सांगितलं. "निम्मं घराचं, निम्मं भरवशाचं," ती म्हणाली. "आणि पुनवेपर्यंत पहिलं लुगडं दाखव, नाहीतर घर रिकामं कर." आजूबाजूची घरं कुलपातच राहिली.

दिवस गेले, पण मागाचा आवाज काही येईना. शेटाणीच्या मनात पाल चुकचुकली. बाईनं सूत विकून खाल्लं असेल. नाहीतर माग दुसरीकडे मांडून लुगडी गुपचूप विकत असेल. पुनव उद्यावर आली तेव्हा ती सकाळीच, पाऊल न वाजवता गल्लीत गेली.

गल्लीत सुताचा ताणा पसरला होता. विणण्याआधी या उभ्या धाग्यांना खळ लावावी लागते, आणि ती सुकेपर्यंत दोन्ही टोकं माणसांनी ताणून धरावी लागतात. पूर्वी शेजारी धरत. आता एक टोक सासऱ्याच्या थरथरत्या हातात होतं, दुसरं खांबाला बांधलेलं. ताणा मधोमध झोळीसारखा लोंबत होता. सूत मातीला टेकून तुटत होतं आणि विणकरीण धागे जोडत बसली होती.

"म्हणजे अजून काहीच विणलं नाहीस? मला वाटलं, चोरून विकतेस."

"चोरून विकायला आधी विणावं लागतं, शेटाणीबाई," विणकरीण मान वर न करता म्हणाली. "रोज जोडते, रोज तुटतं. आल्याच आहात तर ते टोक धरा. उद्या घर काढून घ्या, पण आज धरा."

शेटाणीच्या मनात काय आलं कोण जाणे. तिनं खांबाचं टोक सोडवलं आणि ताणून धरलं. ताणा सरळ झाला. विणकरीण कुंचा घेऊन खळ लावू लागली. आता शेटाणीला हलता येईना. हात सोडला तर ओलं सूत एकमेकाला चिकटून वाया जाणार. म्हातारा खोकला. तिनं अंग चोरलं, पण हात सोडले नाहीत.

खळ लावत लावत विणकरीण तिच्याजवळ पोचली.

"मी कशी वाचले, विचारलंत ना? मला ठाऊक नाही. तुम्ही कशा वाचलात?"

शेटाणीनं ताणा आणखी घट्ट धरला. शेटांच्या उशाशी ती शेवटपर्यंत बसली होती आणि तिला साधा तापही आला नव्हता. लोक काय म्हणतील, या भीतीनं तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "नदीपल्याडचे आहेत का अजून?"

"आज निघतायत. दुसऱ्या नगरात परवडण्याजोगी घरं आहेत म्हणे."

"मग माझ्या कमरेच्या किल्ल्या काढ. माझे हात गुंतलेत."

विणकरीण तिच्याकडे बघतच राहिली. "सगळ्या?"

"एकेक सोडवत बसलीस तर ते लांब जातील."

विणकर परतले. भाडं निम्म्यावर आलं, तेही पहिलं लुगडं विकल्यावर द्यायचं. ताणे धरायला शेजार मिळाला, माग वाजू लागले. मागोमाग रंगारी आले, तेली आले, व्यापाऱ्यांच्या गाड्या आल्या. कासारांच्या गल्लीचा मालक मात्र ओळख देणाऱ्याची वाट बघत बसला. त्याच्या घरांत वाळवी तेवढी राहिली, आणि तिनं कधी भाडं दिलं नाही.

तात्पर्य इतकंच, की ज्या गावात माणसाआधी संशयाला घर मिळतं, तिथे लक्ष्मी मुक्कामाला येत नाही.

चातुर्मास जवळ आला आहे. तुमच्याकडे एखादी खोली कुलपात असेल, तर यंदा तुम्हीही हा नेम धरा आणि ती कोणाला तरी झेपेल अशा भाड्यानं उघडून द्या.