साळूआत्याचा गार हात

वेशीवरचा वड तेव्हा जेमतेम कमरेएवढा होता, इतकी जुनी ही गोष्ट. वाघदऱ्यात साळूआत्या नावाची सुईण होती. कुणाला दिवस गेले हे तिच्या सासूच्या आधी आत्याला कळायचं. निम्म्या गावाला पहिली अंघोळ तिनंच घातलेली.

एकदा देवळातली समई गेली. फौजदारानं पालावरच्या सिद्राम वडाराला धरून चौकीवर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी त्याला घोंगडीत गुंडाळून आणलं आणि चावडीपुढं ठेवलं.

"विहिरीत उडी टाकली चोरानं," फौजदार म्हणाला. "घोंगडी न सोडता जाळून टाका."

सिद्रामच्या बायकोनं हंबरडा फोडला, तशी शिपायानं काठी आपटली. माणसं खाली मान घालून उभी. साळूआत्या मात्र घंगाळ घेऊन पुढं झाली.

"न न्हालेलं माणूस आमच्यात सरणावर जात नाय, सायब. ह्याची नाळ मी कापलीया. अंघोळ मीच घालनार."

"म्हातारे, मेलेल्याला काय कळतंय?"

"मग भिताय कशाला?"

तिनं घोंगडी सोडली, ऊन पाणी ओतलं. पाणी पाठीवरून गेलं तसे वळ वर आले, पट्ट्याचे, पितळी बक्कलासकट, असं म्हणतात. आणि मग सिद्रामच्या हातानं आत्याचं मनगट धरलं.

गड्यांनी ओढून पाहिलं, बोटं सुटेनात. गारठा मनगटातून कोपरापर्यंत चढला, कोपरातून खांद्यापर्यंत. भर उन्हात आत्याच्या तोंडातून वाफ निघत होती, असं म्हणतात.

"आत्या, सोडवून घ्या हो, तुमी जाल!" सिद्रामची बायको रडत होती.

"म्या कुटं धरलंय, बाई? मारनारा बोलल्याबिगर ह्यो सोडत नाय."

फौजदार हसला. एकटाच हसला. तेव्हा मेलेल्याची मान हळूच त्याच्याकडं वळली, डोळे मिटलेलेच. फौजदार घोड्यावर चढला, पण घोडं जागचं हलेना. इकडं आत्याचे ओठ निळे पडले, गारठा छातीशी आला. सगळा गाव फौजदाराकडं बघत होता.

"मारलं," तो शेवटी घोड्यावरूनच म्हणाला. "मी मारलं. समई त्यानं नेली नव्हती. मला ठाऊक होतं."

बोटं उघडली, झोपल्या बाळाची उघडतात तशी.

फौजदाराला त्याच्याच शिपायांनी दोरी लावून तालुक्याला नेलं. सिद्रामला गावानं खांदा दिला. साळूआत्या पुढं पुष्कळ जगली, पण त्या हातात पुन्हा ऊब आली नाही. चुलीपाशी नेला तर जाळ विझायचा, असं म्हणतात.

आजही वाघदऱ्यात चौकीतून सुटलेला माणूस थेट घरी जात नाही. चावडीपुढं दिवसाढवळ्या, उघड्या पाठीनं, आत्याच्या नावानं त्याला अंघोळ घालतात. पहिला तांब्या फौजदाराच्या हाती देतात. नवा असला की तो विचारतोच, "मी कशाला?"

"घ्या की सायब," बायका म्हणतात, "ऊनच हाय पानी."

तो ओततो. पाठ एकदा बघून झाली, की सगळा गाव फौजदाराच्या मनगटाकडं बघत राहतो.