वाळ्याची पकड

जहागीरदार सर्जेरावांच्या तळ्याचा मातीचा बांध दर पावसाळ्यात ढासळायचा आणि खालच्या वस्तीचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून त्यांच्या सूनबाईंनी, सगुणाबाईंनी, खपून बांधाच्या उतारावर वाळ्याचं गवत लावलं. दोन वर्षांत ते चांगलं फोफावलं.

ते पाहून सर्जेराव भडकले. "माझा बांध गवताच्या भरवशावर? लोक हसतील! उपटून टाका सगळं!"

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "जशी आज्ञा, मामंजी. पहिला ठोंब आपल्याच हातानं निघू दे."

सर्जेरावांनी ठोंब धरून ओढला, पुन्हा ओढला, घामाघूम झाले. ठोंब जागचा हलेना.

"मामंजी, आपल्या ताकदीपुढे ज्यानं माती सोडली नाही, तो पाण्यापुढे सोडेल का?"

तळहात चोळत सर्जेरावांनी बांधावरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, पलीकडचा उतार अजून उघडाच आहे."